निळ्याला पांढरं म्हणायचं

मशीनमधून आधी आईचे पाय बाहेर आले. फाईल उलटी फिरवून लावली असणार, त्यात विशेष काही नव्हतं. कागद वाचवायला छपाईवाले फोटो कसाही फिरवतात हे कल्पिताला ठाऊक होतं. पण पाय निळे होते. आधी नखं, मग घोटे, मग साडीचा काठ, मग मांडीवर एकात एक ठेवलेले हात, आणि सगळं निळं, पाण्यातून काढलेल्या माणसासारखं. शाई सुकवणारा पंखा घरघरत होता आणि आई हळूहळू बाहेर येत होती, कोणीतरी तिला फळीवरून खाली सोडत असल्यासारखी. पनवेलच्या त्या तळघरातल्या थंडगार दुकानात कल्पिता मशीनच्या अगदी जवळ सरकली. "थांबव," ती म्हणाली. दुकानाचा मालक केतन मशीनपाशीच बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "आता कसं थांबवू, ताई? एवढा मोठा कागद फुकट जाईल. येतोय चेहरा, होऊ द्या." चेहरा आला. हनुवटी, मिटलेले ओठ, वर आलेली गालाची हाडं. तिकडे दिवेआगरला आई या वेळी पडवीत बसून सुपारी सोलत असणार, तोंडाने शेजारणीचा उद्धार चालू असणार. आणि इथे कागदावर ती मेलेली होती.

"बघ, किती अंगावर येतं," शेजारी उभी असलेली नेत्रा म्हणाली, आणि तिचा आवाज खरोखरच भरून आला होता. हीच तर पंचाईत होती. नेत्रा वाईट बाई असती तर कल्पिताचं काम सोपं झालं असतं. नेत्रा मुंबईची, प्रदर्शनं भरवणारी, कोकणात येऊन वाडीवाडीत फिरलेली, पावसात चप्पल तुटल्यावर अनवाणी चाललेली. वादळाला पाच वर्षं झाली म्हणून अलिबागला हॉल घेऊन ती फोटोंचं प्रदर्शन लावत होती, उद्या सकाळी त्याचं उद्घाटन होतं, आणि दारातून आत शिरल्यावर समोर जी भिंत येते ती अख्खी भिंत तिने कल्पिताच्या आईला दिली होती. असा मान लग्नाचे फोटो काढणाऱ्या पोरीला कोण देतं? कल्पिताने गावभर सांगितलं होतं. आईने तर गाडी ठरवली होती. "पण हा माझा फोटो नाही," कल्पिता म्हणाली. "तुझाच आहे गं. फक्त तो पिवळा काढून टाकला. तू वापरतेस ना तो लग्नातला, जुन्या फिल्मसारखा रंग? सुंदर असतो, प्रश्नच नाही. पण घराचं छप्पर उडालंय आणि बाई सोन्यासारखी चमकतेय, हे जरा... समजून घे. मी मूळ प्रकाश परत आणला. प्लास्टिकखाली असाच होता ना उजेड?" कल्पिताने कागदावरून नजर काढून घेतली. कारण असाच होता.

असाच होता. या दोन शब्दांनी तिला त्या घरात परत नेलं. टाळेबंदीत लग्नं बंद पडली म्हणून ती पनवेलची खोली सोडून आईकडे गेली होती, आणि मग जूनमध्ये ते वादळ आलं. दुपारभर कौलं पत्त्यांसारखी उडत होती, पोफळी मोडताना काडकन आवाज यायचा आणि मग पुढचा आवाज येईपर्यंत वाशांकडे बघत बसायचं. आई ज्या वाडीत जन्मभर राबली ती वाडी संध्याकाळपर्यंत आडवी झाली. वाडी दुसऱ्याची होती, पण अंगावर आलं ते आईच्या. मग कोणी आणून दिलेलं निळं प्लास्टिक वाशांवर ताणलं, कडेने चिरे ठेवले, सुंभाने बांधलं, आणि त्या दिवसापासून घरात सूर्य निळा उगवायला लागला. निळी भिंत, निळा भात, निळी बादली तर आणखीच निळी. दोघी एकमेकींकडे बघायच्या आणि नजर काढून घ्यायच्या. ज्याने तो रंग आठवडेच्या आठवडे अंगावर घेतलाय त्याला सांगू नका तो कसा होता. फोटो बघून सांगणारे तर नकोतच. रात्री आई रडायची. अंधारात प्लास्टिक फडफडायचं त्याच्या आड रडायची, म्हणजे पोरीला कळू नये. पोरीला कळायचं. हे कल्पिताने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, आणि आता या तळघरात तिला भलतीच शंका आली की नेत्राच्या या निळ्या कागदाला ते रडणं माहीत आहे, आणि आपल्या सोनेरी फोटोला नाही. आपणच ते रंगाखाली पुरलं असेल तर?

तेव्हाच पेपरचा एक फोटोवाला गावात आला होता. रस्त्यात पडलेली झाडं ओलांडत, चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेला. आईला म्हणाला, "मावशी, त्या खोडावर बसा जरा. कपाळाला हात लावून." आई म्हणाली, "कशाला? माजं डोकं न्हाय दुखत." तो हसला, म्हणाला, तसं नाही, नुकसान दिसायला पाहिजे ना. आईला ते पटलं. नुकसान दिसायलाच पाहिजे. "थांबा मग," म्हणून ती आत गेली, पत्र्याच्या पेटीत कोरडी राहिलेली एकुलती एक बरी साडी नेसली, डोक्याला तेल लावून चापून केस विंचरले, चेहऱ्याला पावडरसुद्धा लावली, आणि बाहेर येऊन खोडावर बसली, पाहुणी आल्यासारखी. फोटोवाल्याचं तोंड पडलं. "मावशी, आधीचंच बरं होतं हो." आई त्याच्याकडे बघत राहिली. तिला खरंच कळलं नव्हतं. फोटो म्हटला की माणूस बरं दिसायला बघतो. घर पडलं म्हणून काय माणसाने फोटोत पण पडायचं? शेवटी त्याने शेजारच्या गोदूला बसवलं. गोदूने कपाळाला हात लावला आणि ती पेपरात आली, आणि अजून ती ते कात्रण दाखवते. आई मात्र नटलेली ती नटलेलीच, प्लास्टिकखाली येऊन गुमान बसली. ती साडी सोडेना. कल्पिताला बघवेना. तिने कॅमेरा काढला आणि म्हणाली, आई, मी काढते, बस तशीच.

पहिला फोटो निळा आला. आईने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितला आणि कॅमेरा तिच्या हातात परत ठेवला. "असा मेल्यावर काढ," ती म्हणाली. "आत्ता न्हाय."

कल्पिताला कोणी शिकवलं नव्हतं. पनवेलच्या एका स्टुडिओत लग्नांच्या ऑर्डरीवर लाइट धरून उभी राहायची, धरता धरता बघायची, आणि स्टुडिओ बंद पडला तेव्हा पगाराच्या बदल्यात त्यांचा जुना कॅमेरा घेऊन आली होती. पुस्तक नव्हतं, क्लास नव्हता. पण एवढं तिला ठाऊक होतं की कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते कळत नाही. त्याला दाखवावं लागतं. एखादी वस्तू त्याच्यासमोर धरून सांगायचं, हे पांढरं, आणि मग तो बिनडोक इमानदार प्राणी बाकीचं सगळं जग त्या हिशेबाने लावून घेतो. घरात पांढरं काही उरलं नव्हतं. तिने कॅमेरा वर केला, छपराकडे, त्या ताणलेल्या, मधे पाण्याचं पोट सुटलेल्या निळ्या प्लास्टिककडे, बटण दाबलं आणि मनात त्याला म्हणाली, हे पांढरं आहे. कॅमेऱ्याने आधी नकार दिला. चूक आहे, पुन्हा प्रयत्न करा, असं काहीतरी पडद्यावर आलं. तिने पुन्हा केलं. हे पांढरं आहे. चूक. हे पांढरं आहे, मुकाट्याने घे. तेव्हा ती खरं तर कॅमेऱ्याशी बोलत नव्हती. कोणाशी बोलत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. वादळाशी म्हणा, प्लास्टिक वाटून फोटो काढून घेणाऱ्यांशी म्हणा, पेपरवाल्याशी म्हणा. आणि मग कॅमेऱ्याने मानलं. तिने आईकडे रोखून बटण दाबलं, आणि पडद्यावर आईच्या गालात रक्त आलं. कातडीचा रंग कातडीला मिळाला. पाऊस थांबून बाहेर घटकाभर ऊन पडलं होतं, त्या उन्हाला कॅमेऱ्याच्या नव्या हिशेबात जागाच उरली नव्हती, म्हणून ते उघड्या दारातून आत येताना गुळाच्या पाकासारखं सोनेरी झालं आणि आईच्या खांद्यावर, केसांच्या कडेवर, मांडीवरच्या हातांवर सांडलं. आईने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग एवढंच म्हणाली, "आता हाय मी."

पुढे लग्नं सुरू झाली आणि लोकांना म्हणे तोच रंग पाहिजे. जुन्या फिल्मसारखा, आजीच्या अल्बमसारखा, उबदार. काशीदच्या वाळूत पुण्या-मुंबईची जोडपी फेर धरायची आणि कल्पिता पिशवीतून त्याच प्लास्टिकचा फाडून आणलेला तुकडा काढायची. उन्हाने विरून तो आता फिकट आभाळी झाला होता, ताजा असता तर माणसं भाजल्यासारखी लाल आली असती. तो उन्हात धरायचा, कॅमेऱ्याला सांगायचं हे पांढरं, उजळ भाग थोडे खाली ओढायचे, सावल्या जरा वर, धार बोथट करायची, वर जुन्या फिल्मचा असतो तसा बारीक दाणा शिंपडायचा, आणि फोटो तिथल्या तिथे कॅमेऱ्यातच पक्का. घरी जाऊन कॉम्प्युटरवर काही नाही. कच्ची फाईल ती ठेवायचीच नाही. कच्ची फाईल म्हणजे नंतर कोणीतरी येऊन ठरवणार की त्या दिवशी काय रंग होता. तिचा त्यावर विश्वास नव्हता. एकदा नवऱ्यामुलाचा मामा म्हणाला, "अहो, आमच्या पोरीचा फोटो काढायचा सोडून प्लास्टिकचा काय काढताय?" सगळे हसले, तीही हसली. इन्स्टावर पोरं विचारायची, ताई, सेटिंग द्या ना. ती आकडे द्यायची, सगळे खरे आकडे. प्लास्टिकचं सांगायची नाही. सांगून कळलं असतं? त्यांना आठवण पाहिजे होती, आणि तीही कशाची तर जे कधी झालंच नाही त्याची. कुठला आजीचा अल्बम, त्यांच्या आज्या काय काशीदला नाचल्या होत्या? पण पैसे घेऊन ती तो रंग देत होती, हेही खरं. आणि म्हणून नेत्रा जेव्हा म्हणाली, "तो लग्नातला रंग," तेव्हा तिच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. रंग लग्नातून आईवर आला नव्हता. आईवरून काढून तिने तो लग्नांना विकला होता. आता आईपाशीच तो खोटा ठरत होता.

"कल्पिता, ऐकतेयस ना?" नेत्राने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला वाटतं मी तुझ्या आईला दयनीय करतेय. तसं नाहीये. लोक विसरलेत गं. ते दिवेआगरला येतात, मासे खातात, झोपाळ्यावर रील बनवतात. त्यांना हा निळा बघू दे की."

"दाखवा ना. प्लास्टिक दाखवा. गठ्ठाभर देते आणून, टांगा हॉलभर."

"हे बघ, चेहऱ्याशिवाय लोक थांबत नाहीत."

"माहीत आहे मला. म्हणूनच तर." म्हणूनच काय? नेत्राकडे शब्द होते. साक्ष, वास्तव, स्मृती, असे पत्रिकेवर छापायचे शब्द. तिच्याकडे नुसता नकार होता, बिनकारणाचा, पोटातला. तिने टेबलावरचा तो ओला निळा कागद उचलला. फाडायचाच असं वाटलं आणि हात थबकला. जिवंत आईचं तोंड कसं फाडणार? चुरगळता येत नाही, पायाशी टाकता येत नाही. हा कागद छापून घेणाऱ्याला हे बरोबर माहीत असल्यासारखं. तिने तो पालथा ठेवला आणि पाकिटातून आपलं कॅमेऱ्याचं कार्ड काढून केतनपुढे धरलं. "यातला माझा काढ. जसाच्या तसा. हात लावलास तर याद राख. बिल माझ्या नावावर."

"भिंत एकच आहे, कल्पिता," नेत्रा शांतपणे म्हणाली. "आणि उद्या वाटायच्या पत्रिकेवर हाच छापलाय. आता बदलता येणार नाही."

"नका बदलू. तुमची भिंत आहे, तुमचा निळा लावा. मी माझी आई हातात धरून दारात उभी राहीन. उद्या ती स्वतः येणार आहे, गाडी करून. तिला विचारा. मला नका विचारू."

बोलून गेली आणि मग अलिबागच्या बसमध्ये, मांडीवर फोटोची गुंडाळी आडवी धरून, ती तेच उगाळत बसली. पेणच्या पुढे उन्हात मिठागरं लखलखत होती आणि तिला त्यांचा पांढरा रंगही खरा वाटेना. आईला विचारा म्हणाले, पण आई काय म्हणेल? पाच वर्षं झाली. छपरावर आता पत्रा आहे. माणूस त्या वेळी जगायला म्हणून एक बोलतो आणि नंतर, टळून गेल्यावर, त्याला वाटतं की आपण सोसलेलं कोणीतरी बघावं. गोदू नाही का ते कात्रण मिरवत? आई त्या भिंतीसमोर उभी राहून म्हणाली की व्हय, हीच मी, अशीच व्हते, तर? मग कल्पिताची पाच वर्षं, तो तुकडा, तो रंग, सगळं एका पोरीने आईच्या दुःखावर मारलेला मुलामा ठरणार होतं. ठरू दे, ती स्वतःशी म्हणाली. ठरवायचं तर आईने ठरवावं. मुंबईने नाही.

सकाळी अलिबागच्या हॉलच्या दारात ती उभी राहिली. पुठ्ठ्यावर चिकटवलेला तो फोटो दोन्ही हातांनी छातीशी धरून, इतका मोठा की तिचं फक्त तोंड आणि चपला दिसत होत्या. येणारे लोक तिला प्रदर्शनवाल्यांपैकीच कोणी समजून नमस्कार करून आत जात होते. कोणी फोटोकडे बघून "वा, किती छान, जुना काळ" म्हणाला आणि तिला त्याला लाथ घालावीशी वाटली. नेत्रा एकदा बाहेर आली, तिच्या तोंडाला पाण्याची बाटली लावली, म्हणाली, "हट्टी आहेस," आणि आत गेली. हात भरून आले होते. मग गाडी आली. गोदू आधी उतरली, मग आणखी दोघीतिघी, सगळ्या ठेवणीतल्या साड्यांत, आणि शेवटी आवडाबाई, कल्पिताची आई, पदर सावरत. पोरीला बघून म्हणाली, "तू दारात काय करतेस? काय खाल्लंस का?" आणि उत्तराची वाट न बघता, हातातल्या फोटोकडे ओझरतं बघून, बायकांच्या घोळक्यातून सरळ आत गेली.

कल्पिताने मान वळवली. दारातून समोरची भिंत दिसत होती. आई तिथे जाऊन थांबली होती. भिंतीवरच्या निळ्या बाईसमोर ती अगदीच लहान दिसत होती.

"आवडे, ही तूच की गं," गोदू म्हणाली. "माजा पेपरातला न्हाय लावला तो?"

आई भिंतीकडेच बघत होती. नेत्रा तिच्याजवळ गेली, वाकून नमस्कार केला. "काकू, तेव्हा घरात उजेड असाच होता ना? निळा?"

"व्हता की," आई म्हणाली. "असाच व्हता. भात निळा, आमटी निळी. घास उतरत नव्हता."

नेत्राने सुस्कारा सोडला आणि दाराकडे बघितलं. त्या नजरेत विजय नव्हता, सुटका होती. कल्पिताचे हात आपोआप खाली आले. पुठ्ठ्याची कड तिच्या पायांवर टेकली.

"म्हणजे फोटो बरोबर आहे, काकू."

"उजेडाचा बरोबर हाय," आई म्हणाली. "माजा न्हाय."

"पण काकू, तुमच्यावर काय वेळ आली होती ते लोकांना कसं कळणार मग?"

"खाली लिवा ना. शिकलेलीच येतात का न्हाय हितं?" आईने एवढं म्हटलं आणि ती वळली. रागावलेली नव्हती. घरात भलत्या जागी ठेवलेलं भांडं बघून बाई जशी नुसती उठते तशी ती दाराकडे आली. गोदू मागून काहीतरी बोलत होती, तिने लक्ष दिलं नाही. कल्पितासमोर येऊन तिने फोटोकडे आता नीट बघितलं, मग पोरीकडे.

"खाली कशाला टेकवलास? भिजंल कड, फरशी पुसलीय आत्ताच."

"हात भरलेत, आई."

"मग सांगायचं न्हाय?" आईने पदर कमरेला खोचला आणि पुठ्ठ्याचं एक टोक धरलं. "तू तिकडं सरक. वर. अजून वर. हां." दोघींच्या मधे तो फोटो उभा राहिला आणि हॉलचं अर्धं दार अडलं. बाहेर पायऱ्यांवर उद्घाटनाचे पाहुणे येऊन थबकले होते. सगळ्यात पुढे कोटातले एक गृहस्थ, हातात पुष्पगुच्छ, आत कसं शिरावं ते न कळून एकदा फोटोतल्या बाईकडे आणि एकदा टोक धरून उभ्या असलेल्या बाईकडे बघत. नेत्रा आतून घाईघाईने येत होती. आई बाजूला झाली नाही.

"आधी हे बघा," ती त्या गृहस्थांना म्हणाली. "मग जावा आत."